हलवायाचा हात

बापू, तू सांगून ठेवलेली कामं उरकली. बारच्या किल्ल्या जागेच्या मालकाला दिल्या. वेंगुर्ल्याला काकांना तार केली. तुझं कुत्रं समोरच्या मेजरीणबाई सांभाळतायत. ते त्यांच्या माळ्याला चावलं, म्हणजे रुळतंय म्हणायचं. काचेचा डोळा, जो तू एकदाही बसवला नाहीस, तो डबीसकट माझ्या कपाटात आहे. त्याचं काय करायचं हे तू सांगितलं नव्हतंस.

एक काम मात्र तू सांगितलंस तसं झालं नाही. ते मी सरळ सांगणार आहे, कारण आडवळणानं बोललं की तू हाताला येईल ते फेकायचास.

"त्या हलवायाचो हात माझ्या तिरडीक लागाक नये." कधी जेवताना म्हणायचास, कधी फुटका डोळा ठणकायला लागला की. एकदा तर माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, भरल्या घरात. "ध्यानात ठेव गो शाले. लागलो, तर मेलंय तरी उठान आणि त्याचो दुसरोय हात मोडीन."

मी म्हणायचे, "बरं." माझं "बरं" म्हणजे काम यादीत गेलं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू ते मला सांगितलंस, यांना नाही.

भेटायला आलेले लोक म्हणाले, भाऊ फार दिलदार होता हो तुमचा. मी मान हलवली. दिलदार होतास, खरंच. पण त्याच्या आधी तुझा हात यायचा. मी शाळेत असताना एका पोरानं मला विहिरीच्या काठावर ढकललं, तर तू त्याचा कान दातांत धरलास. मोठी माणसं धावली तेव्हा कुठे सुटला. आणि घरी आल्यावर मला थोबाडीत दिलीस, का, तर रडलीस म्हणून. त्या संध्याकाळी बाबांनी वेत काढला. तू तो त्यांच्या हातातून ओढून गुडघ्यावर मोडलास आणि तुकडे चुलीत टाकलेस. त्यानंतर तू घरात फार दिवस राहिला नाहीस. बोटीवर गेलास. आईनं कितीतरी वर्षं त्या चुलीकडे बघून तुला शिव्या दिल्या आणि तुझ्या नावानं ताटही वाढलं.

यांची विम्याच्या कचेरीतून जयपूरला बदली झाली आणि आम्ही इथेच राहिलो. तू आलास तो ट्रंक घेऊन, पूर्वसूचना न देता, दुपारच्या उन्हात तांग्यातून उतरलास आणि भाड्यावरून तांगेवाल्याची कॉलर धरलीस. मी दार उघडलं ते तुमच्या दोघांच्या मध्ये पडायलाच.

"समुद्र पुरे झालो," तू म्हणालास. "आता माका पाणी दिसता नये."

"मग योग्य गावाला आलात," हे म्हणाले.

आणि पंधरवडाही झाला नसेल, तू जेवणाच्या टेबलावर तो फोटो ठेवलास. प्रशांत महासागरातल्या कुठल्या बेटावरचा बार. बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, करवंटीतून दारू, आणि मधोमध लाकडात कोरलेला एक भयंकर चेहरा. वटारलेले गोल डोळे, विचकलेले दात. टिकी बार म्हणतात ह्याला, तू सांगितलंस. सगळ्या मोठ्या बंदरांत निघालेत. जयपुरात पहिला मी काढणार.

हे म्हणाले, "बापूसाहेब, इथे नारळ देवळात फुटतो. त्यातून पिणार कोण?"

"पिल्यार कळात भावोजी."

मी विचारलं, "हा चेहरा कुणाचा?"

"त्या बेटांवरल्यांचो देव."

"आणि तो गुत्त्यात ठेवलेला त्यांना चालतो?"

"ते खंय बघूक येतत?"

आपला हा वाद तिथून सुरू झाला, बापू. मी म्हणत होते, देव कुणाचाही असो, त्याला खेळणं करू नये. तू म्हणत होतास, लाकूड ते लाकूड. दोघांनीही हेका सोडला नाही.

सी-स्कीम वस्तीत तेव्हा नवे बंगले उठत होते. तू कोपऱ्यावरची जागा भाड्यानं घेतलीस. रस्त्यापलीकडे भंवरलाल हलवायाचं कचोरीचं दुकान. कढईपाशी तो सकाळपासून बसलेला असायचा, उजव्या हातात झारा, पहिलवानी दंड. पहिल्या दिवशी तू त्याची कचोरी परत केलीस, "ह्यात मीठ नाय" म्हणून. त्यानं मुठीत मीठ घेऊन तुझ्या पानावर आपटलं. मला वाटलं, चला, मैत्री होणार.

चेहरा तू रोहिड्याच्या ओंडक्यातून करून घेतलास. सुताराला फोटो दिला होतास, त्यानं हुबेहूब केलं. कंबरेइतका उंच खांब, दोन माणसांनी उचलावा असा. आणि मग तू जे केलंस ते फक्त बोटीवर आयुष्य काढलेला माणूसच करेल. बोटीवर लाकूड कुजू नये, लोखंड गंजू नये म्हणून पहिला हात लाल शिशाच्या रंगाचा देतात. त्याच्यावर मग हवा तो रंग. तू दिल्लीहून डबा मागवलास, तेलात कालवलास आणि त्या चेहऱ्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत फासलास. तो रंग वाळायला वेळ लागतो. ऊन लागावं म्हणून तू तो रस्त्याकडेच्या निंबाखाली, पूर्वेला तोंड करून ठेवलास, आणि ग्लास आणायला दिल्लीला निघून गेलास.

लाल शिसं म्हणजे शेंदूर, बापू. तुझ्या डब्यात आणि देवळातल्या वाटीत एकच वस्तू. जयपुरात निंबाखाली, शेंदरानं माखलेला, डोळे वटारलेला, दात विचकलेला चेहरा म्हणजे कोण, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. भैरूंजी, आपला भैरव.

त्याच आठवड्यात भंवरलालची बायको बाळंत झाली आणि तापानं फणफणली. मूल गेलं. डॉक्टरांनी हात टेकले. भंवरलाल सकाळी दुकानाबाहेर आला आणि समोर काल नव्हते ते भैरूंजी बसलेले. त्यानं रस्त्यातच लोटांगण घातलं. नवस बोलला. बायको वाचली.

तू परत आलास तेव्हा तुझ्या लाकडाला चांदीचा वर्ख लागला होता, गळ्यात हार होता, आणि पायाशी दारूची फुटकी मातीची कुल्हडं, कारण भैरूंजींना दारूच चढते. तू पोट धरून हसलास. मी म्हटलं, "हसू नकोस. दुसरं लाकूड आण. हे आता गेलं."

"तुका काय कळता गो? माझो खांब आसा तो."

तू टर्पेंटाइननं वर्ख पुसलास. हार गटारात. वर हिरवा रंग मारलास, दातांना पिवळा. आत नेऊन गल्ल्यामागे उभा केलास, तोंडात चिरूट खोचलास, डोक्यावर गवती टोपी. रस्त्यापलीकडे भंवरलाल झारा हातात धरून सगळं बघत होता. कढईतली कचोरी जळत होती, मला वास आला.

उद्घाटनाला कोण कोण होतं ते तुला माझ्यापेक्षा बरं माहीत. छावणीतले दोन अधिकारी, यांच्या कचेरीतले चौघं, कुणी ठाकूरसाहेब. बायका मी धरून तीनच. सूर्य कलला होता, तू कंदील लावलेस. तू अननसाच्या रसात रम घालून करवंट्या भरत होतास, फुलाफुलांचा सदरा घालून. इतका आनंदात मी तुला कधी पाहिला नव्हता. हे मी तेव्हा बोलले नाही.

भंवरलाल आला तेव्हा हात जोडलेले होते. मागे मोहल्ल्यातली वीसेक माणसं.

"कप्तान साब," तो म्हणाला. तू कधीच कप्तान नव्हतास, पण तू खोडून काढलं नाहीस. "दारू से झगड़ा नहीं है. भैरूंजी तो खुद पीते हैं. पर हरा रंग? मुँह में चिरूट? म्हाने दे दो. जो लकड़ी का मोल हो, ले लो."

मी तुझ्या कानाशी म्हटलं, "दे बापू. आत्ता दे."

तू चिरूट त्या चेहऱ्याच्या तोंडातून काढलास. मला वाटलं, देतोयस. तू तो पेटवलास, एक झुरका घेतलास, धूर भंवरलालच्या तोंडावर सोडलास आणि चिरूट परत त्या दातांत खोचलास.

पुढचं मी पुष्कळदा मनात लावून पाहिलंय, पण ते नीट लागत नाही. कुणीतरी बांबू उपटला. कुणाच्या तरी डोक्यात करवंटी फुटली. ठाकूरसाहेब टेबलाखाली. तू भिंतीवरची ती बोटीची खुंटी काढलीस, दोरखंड अडकवायची, शिसवी, हातभर लांब, आणि गल्ल्यावरून उडी मारलीस. भंवरलालनं हात वर केला, मारायला की वाचवायला, देव जाणे. तू कोपरावर हाणलीस. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ऊस मोडल्यासारखा. त्याचा हात उलट्या बाजूला वाकला, तो बघत राहिला आणि तू दुसऱ्यांदा हाणलीस. दुसऱ्यांदा का, बापू? पहिल्यानं काम झालं होतं.

त्यानं डाव्या हातानं फुटकी बाटली उचलली. तुझा डोळा गेला तो तिथे.

तू किंचाळला नाहीस. तू हसलास. तोंडावरून रक्त वाहत असताना तू त्याला हिंदीत, मालवणीत आणि कुठल्या कुठल्या बंदरांतल्या भाषांत शिव्या देत होतास आणि खुंटी फिरवत होतास. मग कंदील पडला. गवताचं छप्पर, जयपूरची हवा. भडकाच उडाला. सगळे बाहेर पळाले. यांनी मला ओढत नेलं. बाहेर आलो तर तू नाहीस.

बाहेर लोकांनी दगड उचलले होते. तू बाहेर येशील तेव्हासाठी. एक जण ओरडत होता, "निकलने दो साले को." भंवरलाल मोडका हात छातीशी धरून रस्त्यात बसला होता.

मग तू आलास. धुरातून, सदरा पेटलेला, एक डोळा नाही, आणि दोन्ही हातांत मिठी मारून तो चेहरा. दोन माणसांचं ओझं तू एकटा घेऊन आलास. आगीनं हिरवा रंग फुगून सोलून निघाला होता. खालचा लाल दिसत होता.

दगड खाली पडल्याचे आवाज आले. एक, मग दुसरा, मग खूप. कुणीतरी "जय भैरूं बाबा" म्हणालं. तू त्यांच्यामधून चालत गेलास, एकानंही हात उगारला नाही, निंबाखाली तो खांब ठेवलास आणि त्याच्यावरच कोसळलास.

का आणलास तो, बापू? आत तुझी दारू होती, पैशांची पेटी होती, आईचा फोटो होता. इतकी वर्षं मी विचारत राहिले. एकदा तू म्हणालास, "लाकूड चांगला होता." एकदा म्हणालास, "तो हातात आसा म्हटल्यार कोण दगड मारतलो? माका काय खुळो समजतंस?" आणि एकदा, खूप प्यायलेला होतास, तू म्हणालास, "शाले, तो जळताना माझ्याकडे बघी होतो." दुसऱ्या दिवशी विचारलं तर ताट भिंतीवर फेकलंस. भिंतीवरचा आमटीचा डाग मी चुन्यानं झाकला, पण उन्हाळ्यात तो परत वर येतो.

इस्पितळात तुम्हा दोघांना एकाच वॉर्डात टाकलं. तू त्याच्यावर पाण्याचा तांब्या फेकलास. एका डोळ्यानं अंदाज चुकला, तो कंपाउंडरला लागला. फौजदार जबानी घ्यायला आला तेव्हा भंवरलाल अदबीनं म्हणाला, "मैं तो फिसल गया, हुकम." आणि तू म्हणालास, "मैं भी." त्यावर फौजदार म्हणाला, "दोनों एक ही जगह फिसले?" पहिल्यांदाच तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. पोलिसाला मिळू द्यायचं नाही, जे काय आहे ते आपल्या दोघांत, एवढं तुमचं तिथल्या तिथे ठरलं. ती मैत्री नव्हती. मला लोक म्हणतात मैत्री होती, मी खोडून काढते.

त्याचा हात कोपरातून कधी सरळ झाला नाही, खांद्याच्या वर गेला नाही. डाव्या हातानं झारा धरायला शिकला. तू पत्र्याचं छप्पर घालून साधा बार काढलास, करवंट्या नाहीत, बांबू नाहीत. मधे रस्ता. सकाळी शटर उघडताना तू त्याला शिवी द्यायचास, तो तुला द्यायचा, मगच दोघांचा धंदा सुरू व्हायचा. तू ऐकवायचास की त्याच्या कचोरीनं माणसं मरतात. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "उधर मत जाना, काणा आधी बोतल में पानी मिलाता है." त्याच्या बायकोनं तुझ्यासाठी दिवाळीला मिठाई पाठवली, ती तू कुत्र्याला घातलीस, त्याला दिसेल अशी, रस्त्यावर. त्यानं आठवडाभर तुझ्या दारात राख टाकली.

आणि दर वर्षी होळी झाली की तू लाल शिशाचा डबा घेऊन निंबाखाली जायचास. "देव-बीव काय नाय. लाकूड कुजता," म्हणायचास. भंवरलाल दहा पावलांवर उभा राहायचा, मोडका हात पोटाशी धरून.

"कान के पीछे छूट गया."

"तू कर मग!"

"हाथ दे मेरा, तो करूँ."

"डोळो दी माझो, मगे बघतंय कानामागे."

रंगवून होईपर्यंत हे चालायचं. मी एकदा पाहिलं आणि घरी येऊन रडले. का ते मला नीट सांगता येणार नाही. पण मी तुला विचारलं, "आता तरी सोड ना ते तिरडीचं." तू ब्रश झटकलास. माझ्या पातळावर लाल थेंब उडाले. "त्यानं माझो डोळो खाल्लो," तू म्हणालास. "त्याका माझो खांदो मिळूचो नाय."

तर आता त्या सकाळचं.

माणसं कमी नव्हती. हे होते, आपले मराठी मंडळातले लोक होते, मेजरसाहेब गणवेशात आले. तिरडी बांधून झाली होती. मी दारात उभी राहून काय काय निघालं बघत होते: मडकं, गोवऱ्या, फुलं. आणि भंवरलाल आला. अनवाणी. दुकान बंद करून. कढई उतरवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तो सरळ तिरडीच्या पुढच्या बाजूला गेला.

मी मधे गेले. "तुम नहीं."

"क्यूँ, बाईसा?"

"बापू मना कर गए हैं."

"जानता हूँ. मुझे सुना-सुना के मना करते थे." त्याचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच, भांडकुदळ. "आज तक उनकी कौन-सी बात मानी मैंने?"

आणि बापू, मी त्याला मारलं. मी. आयुष्यात मुलांवरही हात उगारला नाही. मी दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं, तोंडावर मारलं, त्या वाकड्या कोपरावर मारलं, तू दुसऱ्यांदा मारलंस तिथेच. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही, हे म्हणतात मी वेंगुर्ल्याची बोली बोलत होते, लग्नानंतर त्यांनी कधी ऐकली नव्हती तशी. त्याच्या ओठातून रक्त आलं. कुणीतरी मला धरायला पुढे झालं, तर तोच म्हणाला, "रहने दो." तो हलला नाही. हातही वर केला नाही. एक तर जातच नाही वर, दुसरा त्यानं स्वतःहून खाली ठेवला.

माझा दम संपला तेव्हा तो म्हणाला, "हो गया? और मारना हो तो मार लो. फिर उठाता हूँ. धूप चढ़ रही है."

मला त्या क्षणी कळलं की तू असतास तर हेच बोलला असतास. उन्हं चढतायत. रडणं आटपा.

मी बाजूला झाले.

त्यांनी तुला उचललं. यांनी उजवीकडे खांदा दिला, भंवरलालनं डावीकडे, उजव्या खांद्यावर. खांदा लागला, पण बांबू धरायला हात वर जाईना. तू मोडून ठेवलेला हात. दोन पावलं गेला आणि तिरडी त्याच्या बाजूला कलली. डावा हात वळवून तो पोचायला बघत होता, तोल जात होता, तू पडणार होतास, बापू, रस्त्यात, निंबासमोर, त्या लाल तोंडासमोर.

मी धावले. त्या वाकड्या हाताचं मनगट धरलं आणि जोर लावून वर नेलं. कोपर कटकन वाजलं, तो कळवळला, पण हात वर गेला. मी त्याची बोटं उघडली, एकेक करून बांबूभोवती आवळली, आणि वरून माझा हात दाबून धरला. तशीच चालत राहिले, कोपऱ्यापर्यंत, जिथून बायका परत फिरतात तिथपर्यंत. मग मेजरसाहेबांनी माझी जागा घेतली.

तेव्हा हात लागला, बापू. पण तो लागला नाही, मी लावला. त्याचा दुसरा हात मोडायला उठणार असशील, तर आधी माझ्याकडे ये. घर तुला माहीत आहे, भिंतीवरचा डागही.